चौदा पुड्या

स्मारांदाची अक्कलदाढ दुखायला लागली ती जानेवारीतल्या एका रविवारी. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा होत्या. परीक्षेच्या दिवसांत आमच्या वसतिगृहात कुणाचं ना कुणाचं काहीतरी दुखतच असायचं, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मी तेव्हा दारावर बसायची. याश शहरातल्या त्या मुलींच्या वसतिगृहाचं दार मी एकोणीस वर्षं सांभाळलं. किल्ल्या द्यायच्या, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची, टपाल घ्यायचं, नळ गळायला लागला की प्लंबरच्या मागे लागायचं. माझं नाव आग्लाया, पण तिथल्या चारशे मुलींपैकी एकीनेही मला कधी त्या नावाने हाक मारली नाही. मी सगळ्यांची मावशी.

स्मारांदा कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. वास्लुईकडच्या एका खेड्यातली पोर. बाप लहानपणीच गेलेला, आई पारास्कीवा सहा वर्षं इटलीत, बोलोन्याला, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला राहिलेली. पोरगी किडकिडीत, उंच, आणि वाचायची अशी की समोर आलेला कागद सोडायची नाही. दुसऱ्या वर्षाला असताना तिने वसतिगृहाच्या करारातलं बारीक अक्षरातलं एक कलम शोधून काढलं आणि आमच्या व्यवस्थापकांच्या, म्हणजे ग्रोसूसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या कलमाप्रमाणे गरम पाणी दिवसभर मिळायला हवं होतं. ते आम्हाला तोवर फक्त सकाळी मिळायचं. आठवड्याभरात पाणी सुरू झालं. ग्रोसूसाहेब मला म्हणाले, "ही पोरगी उद्या न्यायाधीश होणार आणि मला आत टाकणार."

तर त्या रविवारी ती गालावर हात दाबून खाली आली.

"मावशी, दातांच्या दवाखान्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

मीच फोन लावून दिला. विद्यापीठाच्या दवाखान्यात पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. म्हणजे नऊ दिवसांनी.

"नऊ दिवस काय करशील गं?"

"शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. तेवढं बोलता आलं म्हणजे झालं. नंतर सगळे दात काढा म्हणावं."

तिच्या खोलीत रालुका नावाची मुलगी राहायची, भूगोलाची. दोघी पहिल्या वर्षापासून एकत्र. गुबगुबीत, बोलकी, दुसऱ्याचं दुखलं की हिच्या डोळ्यांत पाणी. तिने लगेच औषधाच्या दुकानातून लाल कॅप्सूलचं खोकं आणलं. स्मारांदाने खोक्यातला कागद उलगडला आणि टेबललॅम्पखाली पुस्तकासारखा अथपासून इतिपर्यंत वाचला. दिवसात किती घ्यायच्या, दोन गोळ्यांमध्ये किती तास जाऊ द्यायचे, सगळं. रालुका तिला हसली होती. "अगं, डोकेदुखीची गोळी आहे ती. घटना नाही देशाची."

लाल गोळीने दोन-तीन तास बरं वाटायचं, मग पुन्हा ठणका. पुढची घ्यायला अजून तीन तास असायचे. स्मारांदा नियम मोडणारी नव्हती. तिने आईला फोन केला.

पारास्कीवा महिन्यातून एकदा इटलीहून गावाकडे येणाऱ्या मिनीबसवाल्याबरोबर पार्सल पाठवायची. कॉफी, कपड्यांचा साबण, चीज, आणि एका पिशवीत औषधं. खोकी जागा खातात म्हणून ती गोळ्यांच्या स्ट्रिपा बाहेर काढून रबरबँडने बांधायची. आमच्याकडे इटलीचं औषध म्हणजे खात्रीचं. आई फोनवर म्हणाली, "पांढऱ्या आहेत ना मोठ्या, त्या घे. इथल्या बाईचा गुडघा त्यांनीच थांबतो. सहा तासांनी एक. जास्त नको हं, पोटाला त्रास होईल."

मग स्मारांदाने वेळापत्रक केलं. एका कागदावर रकाने आखले, लाल आणि पांढरी, आणि पुढे तास. लाल गोळीचा असर उतरला की पांढरी, पांढरीचा उतरला की लाल. लाल तिच्या नियमाप्रमाणे, पांढरी तिच्या नियमाप्रमाणे. दोन वेगळी औषधं आहेत म्हटल्यावर एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? तो कागद तिने टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी.

आता माझं सांगते.

सोमवारी संध्याकाळी ती खाली माझ्यापाशी येऊन बसली. वरच्या मजल्यावर आवाज होता, आणि माझ्या काउंटरमागे हीटर चांगला चालायचा. काही खाल्लंस का विचारलं, तर म्हणाली चावता येत नाही. दोन दिवस नुसतं दह्यावर होती. मला पोरीची दया आली. माझ्या खणात लिंबाच्या चहाची नुकतीच आणलेली दोन खोकी होती. औषधाच्या दुकानातच मिळतात त्या पुड्या, सर्दीपडशासाठी. गरम पाण्यात टाकायच्या, छान आंबटगोड लागतं, अंगात ऊब येते. मी दर हिवाळ्यात घेते. एक पुडी मी तिला मोठ्या पेल्यात करून दिली.

ती म्हणाली, "मावशी, जादू आहे हो तुमच्या चहात. ठणका थोडा कमी झाला."

मला बरं वाटलं. कुणाला नाही वाटणार? मी म्हटलं, "पोटात काहीच नाही तुझ्या, निदान हे तरी घे." मग दिवसातून तीनदा-चारदा मी तिला पेला भरून द्यायची. कॉलेजात निघताना एक, आल्यावर एक, अभ्यासाला बसताना एक. वेळापत्रकात तिने चहा लिहिला नाही. चहा कोण लिहितं?

बुधवारी ती जेवलीच नाही. गुरुवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. मी रालुकाला म्हटलं, हिला डॉक्टरकडे ने, आणि मग मीच कोट चढवला, कारण रालुकाचा त्या दिवशी पेपर होता. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात तीस-चाळीस मुलं रांगेत, सगळी शिंकणारी नाहीतर परीक्षा चुकवायला दाखला मागणारी. डॉक्टर थकलेला, तरुण माणूस. त्याने पोट दाबलं.

"काय काय घेताय?"

"दाढेसाठी वेदनाशामक गोळ्या," स्मारांदा म्हणाली. "ठरवून दिलेल्यापेक्षा एकही जास्त नाही. तास लावून घेते मी."

"परीक्षा कधी?"

"उद्या."

तो हसला. "मग पोट आहे ते. उद्या संध्याकाळी आपोआप बरं होईल." त्याने पित्ताची गोळी लिहून दिली.

मी शेजारी उभी होते. माझ्या तोंडून चहाचं नाव निघालं नाही. लपवायचं म्हणून नाही हो. त्याने औषध विचारलं होतं, आणि चहा हे औषध आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं. परत आल्यावर मी तिला आणखी एक पेला करून दिला, पोट शांत व्हावं म्हणून.

शुक्रवारी तिने तोंडी परीक्षा दिली. दहापैकी दहा. शनिवारी तिला जरा बरं वाटत होतं, उलट्या थांबल्या होत्या, नुसती झोप येत होती. आम्ही म्हटलं, झोपू दे, आठवड्याचा शीण आहे.

रविवारी सकाळी रालुका जिन्यावरून अनवाणी धावत खाली आली.

"मावशी, ती काहीतरीच बोलतीय! मला आई म्हणतीय!"

मी वर गेले. स्मारांदा भिंतीकडे पाहत होती. मी तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळाजर्द झाला होता.

अॅम्ब्युलन्स बारा मिनिटांत आली.

दुपारी अतिदक्षता विभागातली एक डॉक्टरीण बाहेर आली. पन्नाशीची, आवाज शांत. म्हणाली, "लिव्हर बंद पडत चाललंय. तिने जे जे गिळलं ते सगळं मला हवंय. रिकामी पाकिटंसुद्धा." रालुका टॅक्सीने गेली आणि पिशवी भरून घेऊन आली. भिंतीवरचा कागदही घेऊन आली.

डॉक्टरणीने सगळं खिडकीच्या कठड्यावर मांडलं. लाल कॅप्सूलचं खोकं फिरवून कडेची बारीक ओळ वाचली. मग इटलीच्या स्ट्रिपा उलट्या करून चंदेरी कागदावरची ओळ वाचली.

"हे दोन्ही एकच आहे," ती म्हणाली. "नावं कंपन्यांनी दिलेली. आतलं औषध एकच. पॅरासिटामॉल."

रालुकाला कळलंच नाही. "पण ती लाल आहे आणि ही पांढरी."

"रंग वरच्या वेष्टणाचा असतो, बाळ."

मग तिने स्मारांदाचं वेळापत्रक हातात घेतलं, बोटाने मोजत गेली. "जास्त आहे. उपाशीपोटी होती म्हणजे आणखी वाईट. पण रक्तात जे दिसतंय ते याच्याही पुढचं आहे." तिने आमच्याकडे पाहिलं. "खरं सांगा. तिने एकदम मूठभर घेतल्या का? काही झालं होतं का? कुणा मुलाशी भांडण? परीक्षेत नापास?"

"दहापैकी दहा मिळालेत तिला!" रालुका ओरडली. "दहापैकी दहा!"

डॉक्टरणीने कागदावर काहीतरी लिहिलं. उतारा देणारं सलाईन सकाळपासूनच चालू केलंय, पण पाच दिवस उशीर झालाय, म्हणाली. स्मारांदाला राजधानीत, बुखारेस्टला हलवावं लागेल, नवं लिव्हर मिळालं तरच काही आशा.

मी वसतिगृहात परतले. सवयीने खण उघडला, स्वतःसाठी चहा करावा म्हणून. पुडी फाडायला घेतली आणि काय वाटलं कोण जाणे, चष्मा लावला. खोक्याच्या कडेला, लिंबाच्या चित्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरात तोच शब्द होता.

मी पुड्या मोजल्या. दोन खोक्यांत मिळून वीस होत्या. सहा उरल्या होत्या.

पहिल्यांदा मी फोन उचलला, हे मी देवासमोर सांगू शकते. पण तेवढ्यात ग्रोसूसाहेब आले. त्यांना बातमी कळली होती. माझ्या हातातलं खोकं पाहून त्यांना सगळं समजलं, मला सांगावंही लागलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

"आग्लाया, नीट ऐक. दारावरची बाई किल्ल्या देते. औषधं देत नाही. तू कुणाला काही दिलेलं नाहीस. कळलं? नाहीतर तू जाशील, तुझ्यामागे मी जाईन, आणि पोरगी काही त्याने बरी होणार नाही. उपचार चालू आहेत ना? मग झालं तर."

तेच खरं होतं. उपचार चालू होते. एका पुडीने किंवा चौदा पुड्यांनी सलाईन बदलणार नव्हतं. निवृत्तीला मला तीन वर्षं उरली होती. मी दोन्ही खोकी चपटी केली आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी सरकवली.

नवं लिव्हर मिळालं नाही. बुधवारी सकाळी बुखारेस्टच्या इस्पितळात स्मारांदाने प्राण सोडला. आई विमानाने पोचली होती, पण पोरीने तिला ओळखलं नाही म्हणतात.

गुरुवारी पोलीस आला. अंगाने सुटलेला, सभ्य माणूस. टोपी काढून बसला. रालुकाला रडताना पाहून त्याने तिला पाणी दिलं. मला विचारलं, "तुम्हाला काही वेगळं जाणवलं? उदास होती?"

"नाही."

"तुम्ही काही दिलंत तिला? गोळी वगैरे?"

ग्रोसूसाहेब खिडकीपाशी उभे होते, बाहेर बघत.

"नाही," मी म्हटलं, आणि खाली सही केली.

तो उठताना म्हणाला, "गणित जमत नाही हो. तिच्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढ्याने एवढं होत नाही म्हणतात. बाकीचं तिने कधीतरी एकदम घेतलं असणार. तरणी पोरं, काय मनात येईल सांगता येत नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला शुक्रवारी कळला. रालुका स्मारांदाच्या गावी गेली होती, तिथून तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"मावशी, फादर तिला चर्चमध्ये घेत नाहीयेत."

"म्हणजे?"

"कागदावर विषबाधा लिहिलंय आणि पुढे 'हेतू स्पष्ट नाही'. गावात सगळे म्हणतायत तिने स्वतःच केलं. पोटात मूल होतं असंसुद्धा म्हणतायत. फादर म्हणतात, जीव दिलेल्याची प्रार्थना करता येत नाही, बिशपांना विचारावं लागेल. तिला दफनभूमीच्या कुंपणापाशी पुरायचं म्हणतात, मावशी."

मी फोन ठेवला. मला वाटलं होतं की माझ्या त्या एका 'नाही'चं ओझं फक्त माझ्यावर आहे. ते मी पोरीच्या अंगावर टाकलं होतं.

शनिवारी पहाटेची पहिली मिनीबस पकडली. ग्रोसूसाहेबांना सांगितलं नाही, काउंटरवर किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि निघाले. दोन तास नुसतं पांढरं शेत आणि कावळे. गाव टेकडीच्या उतारावर होतं, रस्त्यावर चिखल गोठलेला. घर विचारावं लागलं नाही, फाटकावर काळं कापड बांधलेलं होतं. बाया कुंपणाबाहेर उभ्या होत्या, आत कुणी जात नव्हतं.

पुढच्या खोलीत स्मारांदाला ठेवलं होतं. नवरीचा पांढरा पोशाख घातला होता, लग्नाआधी गेलेल्या पोरीला आमच्याकडे घालतात तसा, डोक्यावर ओढणी, हातात मेणबत्ती. कपाळ अजून पिवळंच होतं. उशाशी पारास्कीवा बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याहून लहान, पण हात माझ्याहून म्हातारे.

मी म्हटलं, "मी वसतिगृहातली. आग्लाया."

"चहावाली मावशी," ती म्हणाली. "फोनवर सांगायची. फार जीव लावता म्हणायची."

मला तिथे उभं राहवेना. मी विचारलं, फादर कुठे आहेत? रालुकाने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

फादर नेकुलाई सत्तरीचे होते, दाढी पांढरी, डोळे लाल झालेले. टेबलाशी बसून थंड झालेल्या कॉफीकडे बघत होते. ते वाईट माणूस नव्हते. मला पाहून उठले.

"बाई, मीच तिचा बाप्तिस्मा केलाय," मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. "मला काय हौस आहे? पण कागद बघा. वरून मला विचारतील, तर मी काय सांगू? मला असं वाटलं म्हणून?"

"बाकीचं मी दिलं," मी म्हटलं.

"काय?"

"पोलीस म्हणतो गणित जमत नाही. ते बाकीचं मी दिलं. चौदा पुड्या. चहा म्हणून दिल्या. त्यात तेच औषध होतं आणि मला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. ती तर खोक्यातला कागद वाचून गोळी घेणारी पोर. तिने एकही जास्त घेतली नाही, फादर. आम्ही तिघींनी तिला एकच औषध तीन नावांनी दिलं."

रालुका दारात उभी होती. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"हे पोलिसांना सांगितलंत?" फादरांनी विचारलं.

"पोलिसांना खोटं सांगितलं. नोकरीसाठी."

त्यांनी मला शिवी दिली नाही. एक वही आणली, पेन आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "लिहा. तारखा घाला. किती, कधी, कुणाच्या हातून. खाली सही." मी लिहायला बसले. तिसऱ्या ओळीवर पेन अडलं. मान वर केली तर पारास्कीवा दारात होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"तिघी म्हणजे कोण?" तिने विचारलं.

रालुकाने तोंड ओढणीत लपवलं.

"तिघी म्हणजे कोण ते विचारतेय मी."

"लाल गोळ्या रालुकाने आणल्या," मी म्हटलं. "चहा माझा."

"आणि?"

मी पेन खाली ठेवलं.

"पांढऱ्या," पारास्कीवा म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखं. "पांढऱ्या माझ्या. मीच म्हटलं तिला, सहा तासांनी एक." मग ती ओट्याकडे वळली आणि कारण नसताना एक धुतलेली बशी पुन्हा धुवायला लागली. "इटलीत बाईच्या मुलीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या गोळीबरोबर दुसरं काही द्यायचं नाही. मला वाटलं, म्हातारी आहे म्हणून सांगतायत. तरण्या पोरीला काय होतंय?"

फादरांनी तिच्या हातातली बशी काढून घेतली आणि फोन करायला बाहेर गेले. अंगणात बराच वेळ ते कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. एकदा स्पष्ट ऐकू आलं, "जबाबदारी माझी, माझी म्हणतोय ना!" परत आले ते गळ्यात विधीचा जांभळा पट्टा घालतच. पोराला हाक मारायची तशी त्यांनी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली.

घंटा वाजल्यावर कुंपणाबाहेरच्या बाया एकेक करून आत आल्या. एकीने मेणबत्त्या आणल्या होत्या, शालीखाली धरलेल्या. सकाळपासून तिच्यापाशी होत्याच, नुसत्या पेटवायच्या होत्या.

तिला चर्चमध्ये नेलं, पूर्ण विधी झाला, आणि बापाशेजारी पुरलं. मी मागे, शेवटच्या रांगेत होते. माती लोटून झाली आणि लोक जेवणाकडे वळले. अंगणात टेबलं मांडली होती, गव्हाचा गोड नैवेद्य, सूप, पाव. मी कोपऱ्यात उभी होते, जावं की थांबावं कळत नव्हतं. पारास्कीवा माझ्याकडे आली.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं नाव परत दिलंत. पण माझ्या टेबलावर बसू नका. मला जमणार नाही."

"नाही बसत."

"दहा दिवसांपूर्वी बोलला असतात तर?"

"दहा दिवसांपूर्वी मला माहीत नव्हतं."

"आणि रविवारी?"

"रविवारी माहीत होतं," मी म्हटलं. "उपयोग नव्हता, पण माहीत होतं."

तिने मान हलवली, जणू तेवढंच हवं होतं, आणि ती परत गेली. मी थांब्यापर्यंत चालत गेले. मिनीबस तासाने आली.

सोमवारी मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलला. त्या सभ्य माणसाने यावेळी टोपी काढली नाही. खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर खटला होईल असं मला वाटलं होतं, पण फक्त ताकीद दिली. प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. नोकरी त्याच आठवड्यात गेली. ग्रोसूसाहेबांची टिकली. मी आता एका पावाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असते, ट्रे मोजते.

विद्यापीठाने एक भाषण ठेवलं, औषधं कशी वाचावीत म्हणून. रालुका गेली होती. चारशे खुर्च्या मांडल्या होत्या, सतरा जणी आल्या. फार्मसीचे एक प्राध्यापक पडद्यावर तक्ते दाखवत होते आणि मुली फोनमध्ये होत्या. शेवटी त्यांनी काही प्रश्न आहेत का विचारलं. रालुका उठली आणि तिला काही बोलताच आलं नाही. बाहेर आली ती सरळ माझ्याकडे, कारखान्याच्या फाटकाशी. म्हणाली, "मावशी, त्यांना कसं सांगायचं हो? त्यांना वाटतं हे न वाचणाऱ्यांनाच होतं. ती तर वाचायची." तिने त्या वर्षी परीक्षा दिली नाही. सध्या आपल्या गावी आहे. फोन करते, पण पूर्वीसारखी बोलत नाही.

मार्चमध्ये पारास्कीवा इटलीला परत गेली. म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं, आणि हिलाही घरात बसवत नव्हतं.

एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. परदेशातला नंबर. मी उचलला.

"आग्लाया," ती म्हणाली. मला फारसं कुणी नावाने हाक मारत नाही, त्यामुळे आधी मला ओळख पटेना. "ती तुमच्यापाशी बसायची तेव्हा काय बोलायची?"

मी खुर्चीवर बसले. सांगायला लागले. बूट काढून हीटरला पाय लावायची. माझ्या शब्दकोड्यातले शब्द माझ्याआधी सांगून टाकायची आणि मग सॉरी म्हणायची. वारसाहक्काचे प्राध्यापक बोलताना शिट्टी वाजते, त्यांची नक्कल करायची, दाढ दुखत असतानासुद्धा, आणि मग गाल धरून हसायची आणि कळवळायची. बोलोन्याला जायचं म्हणायची उन्हाळ्यात, त्या म्हातारीला भेटायला, आईला कोण माझ्याहून जास्त राबवतंय ते बघते म्हणायची.

"आणखी?"

आणखी थोडं होतं, तेही सांगितलं. मग आठवणारं संपलं. काही जोडून सांगावं असं फार मनात आलं. बुधवारी ती फारशी बोललीच नव्हती, नुसती पेला धरून बसली होती.

"एवढंच आठवतं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

मागून कुणीतरी क्षीण आवाजात तिला इटालियनमध्ये हाक मारत होतं. एकदा, मग पुन्हा. पारास्कीवाने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.